शिरेतली भरती

लेल्की बेट, चिलोए
१० जानेवारी

यास्ना पोरी,

पुंता अरेनासच्या वाऱ्याने तुझे कान अजून जागेवर ठेवले असतील असं धरून चालतो, कारण आज मला खूप बोलायचंय. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर ऐकणारा मध्येच बोलतो, आणि कंटाळला की ठेवूनही देतो. तीस वर्षं कोळ्यांच्या सभा गाजवलेल्या माणसाला असला श्रोता परवडत नाही. पत्र मात्र तुला शेवटपर्यंत ऐकावंच लागतं.

तर ऐक. तुझा एलादिओकाका पिवळा झालाय.

मालकाच्या खिशातल्या युनियनला आम्ही पिवळी युनियन म्हणत आलो. धक्क्यावर उभा राहून मी तिला इतक्या शिव्या घातल्या की समुद्रपक्ष्यांनासुद्धा त्या पाठ असतील. आणि शेवटी पिवळा कोण झाला? मी! डोळे पिवळे, तळवे पिवळे. पहिल्यांदा तुझ्या काकूच्या लक्षात आलं. बटाटे सोलता सोलता माझ्याकडे बघून म्हणाली, "एलादिओ, आरशात बघ. पक्ष बदललास की काय?"

शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथे दोक्तोरा उर्दानेता म्हणून एक व्हेनेझुएलाची डॉक्टर पोरगी आहे. तिच्या देशात वाक्यांच्या मध्ये श्वास घेत नसावेत. तिने पोटाचा फोटो काढला आणि एका दमात सांगितलं की पित्ताशयातला एक खडा घरंगळून पित्ताच्या नळीत अडकलाय, तोंडावाटे दुर्बीण घालून आतड्यापर्यंत जायचं, नळीच्या तोंडाला बारीक काप द्यायचा आणि खडा ओढून काढायचा. मी शूरासारखा सगळ्याला हो म्हटलं. दुर्बिणीला हो, कापाला हो.

मग ती म्हणाली, "आणि त्यानंतर आठ तास भरपूर सलाईन. तीनेक लिटर. स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून."

मी विचारलं, "सलाईन म्हणजे काय?"

"मिठाचं पाणी, काका. आणखी थोडे क्षार."

यास्ना, मी उभा राहिलो. उभा राहिलो की काय होतं ते तुला माहीत आहे. मी म्हणालो, "बाई! खाऱ्या पाण्याने माझ्या आजोबांना नेलं. खाऱ्या पाण्याने माझ्या बापाला नेलं, त्याच्या होडीची फळीसुद्धा परत दिली नाही. साठ वर्षं मी त्या समुद्राला घरात पाऊल टाकू दिलं नाही, आणि तुम्ही तो मला नळीने घरपोच आणून देताय? खारं पाणी प्यायलेला माणूस वेडा होऊन मरतो हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही सांगेल!" बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाय प्लास्टरमधे असलेल्या एका म्हातारीने कुबडी उंच केली.

दोक्तोराने टाळ्या वाजवल्या नाहीत.

आपल्या घराण्यात कोरडा मेलेला माणूस एकच, तुझा बाप. माझा धाकटा भाऊ एर्नान बिछान्यात, चारचौघांत गेला. मलाही तसंच जायचंय. आणि आत्ता तर जायचंच नाही, कारण फेब्रुवारीतल्या मोठ्या भरतीला आमच्या घराची मिंगा ठरलीय. समुद्राने आमच्या अंगणाखालची दरड इतकी खाल्लीय की कोंबड्या आता सावधपणे चालतात. घर जसंच्या तसं, पाण्यावरून ओढत, खाडीपलीकडे न्यायचं. नोल्बेर्तो मान्सियाने जागा दिलीय. बैल, होड्या, सगळं गाव, आणि ओढणाऱ्यांना हाळी द्यायला मी. माझ्यावाचून ते घर हलेल असं मला वाटत नाही.

तेव्हा तू शिकलेली पोर, शिवाय तिकडे अशाच दुर्बिणीच्या खोलीतली नर्स. त्या बाईला चार ओळी लिही की खडा काढा पण पाणी नको. माझा मुद्दा बिनतोड आहे, फक्त त्याला तुझी सही हवी.

तुझा,
एलादिओकाका


पुंता अरेनास
१९ जानेवारी

काका,

तुमचं पत्र शेवटपर्यंत ऐकलं. आता बोलायची पाळी माझी. दुसऱ्याच्या भाषणात मुद्दाम खोकायची तुमची सवय मला माहीत आहे. ती या पत्रापुरती बंद ठेवा.

सही मिळणार नाही.

तुमच्या पोटात दोन नळ्या आहेत. एक पित्ताची, दुसरी स्वादुपिंडाची, आणि दोघींना आतड्यात उघडणारं दार बहुतेकांच्यात एकच. दुर्बीण त्या दारावर खुडबुड करते. दाराला राग येतो, ते सुजतं, आणि स्वादुपिंडाचा रस आत कोंडतो. तो रस मांस पचवायला बनलेला आहे, काका. बाहेर वाट मिळाली नाही तर तो आपलंच घर खायला लागतो. शंभरातल्या पाच-दहा जणांना असं होतं. बहुतेक चार दिवस कण्हून घरी जातात. एखादा जात नाही.

याच्यावर आमच्याकडे दोन ढाली आहेत. पहिली म्हणजे मागच्या वाटेने ठेवायची एक गोळी. तुमच्या मानमरतबाला ती कशी मानवली असती ते बघायला मला आवडलं असतं, पण ती अ‍ॅस्पिरिनच्या गोतातली. चर्चमधल्या माझ्या पहिल्या प्रसादाच्या जेवणात तुम्ही डोकेदुखीवर अ‍ॅस्पिरिन घेतली आणि तुमचं तोंड सुजून भोपळा झालं, पाद्री घाबरून मागच्या दाराने गेला, आठवतं ना? म्हणजे ती ढाल तुम्हाला नाही. उरलं पाणी.

खरं तेच सांगते. पाण्याबद्दल आमच्यातही वाद आहेत. गोळी मिळालेल्यांना वर पाण्याचा फारसा उपयोग नाही असं काही जण म्हणतात. पण ज्याला गोळीच देता येत नाही आणि ज्याचं हृदय-मूत्रपिंड धड आहे, त्याला कोरडा ठेवा असं म्हणणारा डॉक्टर मला तरी भेटलेला नाही. आणि ते पाणी समुद्र नाही हो. समुद्र त्याच्या कितीतरी पट खारट. सलाईन आसवांइतकं खारट असतं. तुमच्या भाषणाला रडणाऱ्या बायकांच्या आसवांइतकं, म्हणजे तुमच्या ओळखीचंच.

हे कसं चालतं ते तुम्हाला मिंगेत सांगते. ओहोटीच्या चिखलात रुतलेलं घर कितीही बैल लावले तरी हलतं का? नाही. भरती आली की त्याच घराला दोन होड्या पुरतात. सुजलेल्या स्वादुपिंडातलं रक्त असंच चिखलात रुततं. आम्ही शिरेतून भरती आणतो, एवढंच. सूज यायच्या आधी.

आता दुसरं. तुम्ही लिहिलंत, एर्नान कोरडा गेला.

हो. अगदी कोरडे गेले बाबा. सकाळी हीच दुर्बीण घातली, संध्याकाळी पोटात दुखायला लागलं. पाणी प्यायचं नाही असं सांगितलं होतं, आणि शिरेत थेंब… थेंब… थेंब. कोणाची चूक नव्हती. तेव्हा कोणी जास्त देत नव्हतं. त्यांच्या ओठांना ओला कापूस लावायचं काम माझं होतं, कारण मी थोरली. ते कापूस चोखायचे. पाणी दिलं असतं तर वाचलेच असते असं मी म्हणणार नाही, मला ते कोणी सांगू शकत नाही. पण कोरडं मरण ही इस्पितळाच्या बाकासमोर मिरवायची गोष्ट नाही, काका. मी ते जवळून पाहिलंय. म्हणून मी या खोलीत काम करते.

बस्स. तारीख घ्या. आणि आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं. उपाशी म्हणजे उपाशी.

काकूला मुका.

यास्ना


लेल्की
२८ जानेवारी

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसावा लागला. त्या विषयावर मी आता कुठल्याही सभेत बोलणार नाही. शब्द देतो, आणि तुला माहीत आहे की मी शब्द फार देतो पण मोडत एकही नाही.

आता आनंदाची गोष्ट. तारीख घेतली! ११ फेब्रुवारी. मिंगा २० ला. म्हणजे मी खड्यावाचून, भरलेल्या शिरांनी, आपल्या मूळ रंगात बैलांसमोर उभा असेन. दोक्तोरा उर्दानेताला सांगितलं तेव्हा तिने दोन वाक्यांमध्ये चक्क श्वास घेतला.

काल चर्चच्या पडवीत मिंगेची बैठक झाली. मी बोललो. काय बोललो म्हणून सांगू! "मित्रांनो, ओहोटीत रुतलेल्या घराला बैल पुरत नाहीत, त्याला भरती लागते. माणसाच्या पोटाचंही तसंच!" हा दाखला तुझा असल्याचं सांगायचं राहून गेलं. वेळ कमी होता. पण सगळ्यांना पटला. बायकांनी डोळे पुसले. मीही त्या आसवांकडे आता वेगळ्या नजरेने बघतो, म्हटलं हेच ते, माझं औषध.

पाणी म्हणजे कवच, हे गावाला असं काही पटलंय की ज्याला त्याला माझी काळजी. नोल्बेर्तोने फक्त एक शंका काढली. "कोंपाद्रे, पाणीच हवं तर शिरेतून कशाला? तुझं तोंड काय बंद पडलंय?" सगळे हसले. मी म्हटलं, "मित्रा, हा प्रश्न विज्ञानाने स्वतःला आधीच विचारायला हवा होता."

उपासाची काळजी करू नकोस. संतांनी केला नसेल असा उपास मी करीन.

तुझा,
एलादिओकाका

ता.क. अंगाला खाज फार सुटते. हाळी द्यायचा सराव करताना बरं वाटतं.


लेल्की
१३ फेब्रुवारी

यास्ना बाळा,

तुझा काका बाहेर लाकडं फोडतोय आणि प्रत्येक घावाला कुणाला तरी शिव्या देतोय. हे पत्र मी त्याला न दाखवता नोल्बेर्तोच्या होडीतून आणि पुढे विमानाने पाठवतेय. नोल्बेर्तो घेऊन जाईल, कारण त्याला माझ्याकडे बघायची लाज वाटतेय.

खडा अजून आतच आहे.

काय झालं ते सांगते. हसलीस तरी चालेल, मी दोन दिवस रडून झाल्यावर आज हसले. रात्रीपासून तुझ्या काकाने घास घेतला नाही. मी मिल्काओ तळले होते, बटाट्याचे, डुकराच्या चरबीतले. वासाने अर्धं गाव दाराशी आलं, पण हा भिंतीकडे तोंड करून निजला. मला कौतुक वाटलं. पहाटे होडीत बसलो. नोल्बेर्तो, त्याची बायको, दोघे मान्सिया भाऊ, चर्चची किल्ली सांभाळणारी एर्मेलिंदाबाई. एवढी माणसं कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणे "सोबतीला".

होडी सुटली आणि नोल्बेर्तोने किटली काढली.

आपल्याकडे येर्बाच्या कडू चहाचा पेला फिरायला लागला की कसा फिरतो ते तू विसरली नसशील. पेला परत देताना "ग्रासियास", आभार, म्हटलं की त्याचा अर्थ 'आता पुरे'; ते म्हणेपर्यंत पेला भरून येतच राहतो. तुझा काका खाडी ओलांडेपर्यंत एकदाही म्हणाला नाही! मी म्हटलं, "एलादिओ, उपास आहे ना रे तुझा?" तर म्हणतो, "ओतिलिया, उपास अन्नाचा. हे पाणी आहे. पाणी म्हणजे कवच." किटली संपली. मग एर्मेलिंदाने बोल्दोच्या पानांचं पाणी काढलं, थर्मास भरून, यकृताला चांगलं म्हणून. मग मान्सिया भावांनी मॅटिकोचा काढा. धक्क्याला लागेस्तोवर तुझा काका चालताना डुचमळत होता.

यांच्या मनात काही वाईट नव्हतं गं. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. डॉक्टर तीन लिटर भरणार, मग आपण निम्मे आधीच भरून न्यावेत, बाईला तेवढी मदत. घर ओढायला जातात तसे हे त्याचं पोट भरायला आले होते.

इस्पितळात दोक्तोराने विचारलं, "काका, काही खाल्लंत?" "कणसुद्धा नाही!" "काही प्यायलात?" याने तोंड उघडायच्या आधी नोल्बेर्तोच टोपी काढून पुढे झाला. म्हणाला, "दोक्तोरा, काळजी नको. निम्मं काम आम्ही करून आणलंय."

यास्ना, त्या पोरीचा चेहरा! ती इतकं भरभर बोलली की आम्हाला एकही शब्द कळला नाही, पण सगळं कळलं. भूल दिली असती तर ते सगळं पाणी वर येऊन फुप्फुसात गेलं असतं म्हणे. "बिछान्यात बुडवलं असतं तुम्ही त्यांना!" ती ओरडली. तेव्हा तुझा काका खाली बसला. त्याला एवढं गप्प मी लग्नातही बघितलं नव्हतं.

आता रडायचं कारण. दुर्बीण चालवणारे मोठे डॉक्टर बाहेरगावाहून येतात. पुढची तारीख २० फेब्रुवारी. त्यानंतर महिनाभर नाही. आणि २० ला आमची भरती. तेवढी मोठी भरतीही पुन्हा महिनाभर नाही, आणि दरड कालच आणखी एक कोपरा घेऊन गेली. कोंबड्यांचं खुराडं गेलं. कोंबड्या वाचल्या, त्या आधीच घरात राहायला आल्या होत्या.

एलादिओ म्हणतो, घर आधी, खडा नंतर. त्याचा रंग आता असा आहे की अंधारात सापडेल. लघवी चहासारखी. दोक्तोराने सांगितलंय, ताप आला तर सगळं सोडून धावत या, आणि ताप येईपर्यंत थांबू तर नकाच. मी सांगून थकले. माझं तो ऐकतो पण मानत नाही. तुझं तो मानतो, कारण तू दूर आहेस.

काहीतरी कर.

तुझी,
ओतिलियाकाकू


पुंता अरेनास
१६ फेब्रुवारी

काका,

हे पत्र माझी मैत्रीण विमानाने घेऊन येतेय, म्हणजे तुम्हाला वेळेत मिळेल. पण त्याआधी तुम्हाला दुसरं काहीतरी मिळालं असेल.

दुपारी रेडिओवर बेटांसाठी निरोप वाचतात. कुणाची गाय सापडली, कुणाची आई आजारी, कुणाची होडी उशिरा येणार. लहानपणी आपण सगळे हातातलं काम टाकून ऐकायचो. अजूनही ऐकतात असं कळलं. मी काल त्यांना फोन केला. उद्यापासून रोज हा निरोप जाईल:

"लेल्की बेटावरचे एलादिओ कार्कामो यांस. पुतणी यास्ना कळवते की वक्ते म्हणून तुम्ही कोणालाही भीत नाही हे सर्व बेटांना ठाऊक आहे. तीन लिटर पाण्याला भिता हेही आता ठाऊक झाले. २० तारखेला इस्पितळात जाणार की नाही, ते सर्व बेटं ऐकत आहेत."

तुम्ही हो म्हटलंत की निरोप बंद. नाही म्हटलंत तर पुढचा निरोप अ‍ॅस्पिरिन आणि पाद्र्याचा.

घर तुमच्यावाचून हलेल. बैलांना भाषण कळत नाही, काका. त्यांना दोर कळतो. घराला ओढायला सगळं गाव आहे. बाबांना ओढून आणायला कोणी नव्हतं, आणि तुम्हाला ओढायला या टोकाला मी एकटीच आहे. दोर फार लांब आहे. जरा तुम्हीही चाला.

उपाशी. येर्बा नाही, बोल्दो नाही, मॅटिको नाही. गिळलेली थुंकी तेवढी माफ.

यास्ना


इस्पितळ, दुसरा मजला, खिडकीजवळचा पलंग
२१ फेब्रुवारी

बंडखोर, विश्वासघातकी, लाडक्या पोरी,

पहिल्याच दिवशी तुझा निरोप वाचला गेला तेव्हा मी न्हाव्याकडे होतो, अर्धी दाढी झालेली. दुकानात सात माणसं. न्हाव्याने वस्तरा थांबवून विचारलं, "मग? जाणार का?" त्या अवस्थेत माणसाने काय उत्तर द्यावं? चिलोएच्या सगळ्या बेटांवर माझी एवढी प्रसिद्धी तीस वर्षांच्या भाषणांनी झाली नव्हती. समोरच्या बेटावरून एका अनोळखी माणसाने रेडिओवरच उलट निरोप पाठवला: "दॉन एलादिओ, धीर धरा, पाणी चावत नाही."

आलो. कोरडा आलो! नोल्बेर्तो होडीत किटलीवर बसून आला, कोणाचा हात जाऊ नये म्हणून. तिथून तो उलट पावली मिंगेला गेला. निरोप घेताना आम्ही दोघेही एकमेकांकडे बघत नव्हतो. ओतिलियाला मी म्हटलं, "तू घराबरोबर राहा. घराला एक तरी शहाणं माणूस हवं."

खडा निघाला. वाटाण्याएवढा. एवढ्याशा गोष्टीने मला पिवळ्या युनियनमधे ढकललं होतं!

शुद्धीवर आलो तेव्हा डोक्यावर पिशवी लटकत होती आणि दोक्तोरा उर्दानेता माझ्या छातीला नळी लावून ऐकत होती. मी विचारलं, "काय, समुद्र ऐकू येतो का? शंखातल्यासारखा?"

"नाही, काका. छाती कोरडी आहे, आणि ती कोरडीच राहायला हवी. बाकी सगळे ओले व्हा." तिला विनोद करता येतात! मग ती तासातासाला येऊन ऐकायची. पिशवी संपली की नर्स दुसरी लावायची. मी आत भरत होतो आणि भांड्यात रिकामा होत होतो. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा पेरेग्रिनो म्हणाला, "तुमची तर नदी झालीय." मी म्हटलं, "नदी नव्हे, मित्रा. भरती."

आणि मग दुखायला लागलं.

तुझ्यापासून लपवणार नाही. दुपार ढळल्यावर, बरोबर मधोमध, फासळ्यांच्या खाली. आधी वाटलं भूक. मग ते वळायला लागलं. मी गप्प झालो. पेरेग्रिनोने बेल दाबली, कारण म्हणे मी गप्प झालो यापेक्षा वाईट लक्षण त्याने सकाळपासून पाहिलं नव्हतं. दोक्तोरा धावत आली. पोट दाबलं. "पाठीत जातंय का?" मला सांगता येईना. मला फक्त एर्नान दिसत होता, आणि एक थोरली पोर हातात कापूस घेऊन. तिने रक्त काढून तपासायला पाठवलं, ठिबकणारं पाणी जरा वाढवलं आणि म्हणाली, "आता थांबायचं." यास्ना, मी मालकांशी भांडलो, मंत्र्यांशी भांडलो, पण थांबण्याशी कसं भांडायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

तेवढ्यात पेरेग्रिनो खिडकीकडे बघत म्हणाला, "हे बघा. ते कुणाचं तरी घर चाललंय."

मी मान वळवली. खिडकीखालच्या खाडीतून माझं घर येत होतं!

माझं पोरी, माझं! राखाडी फळ्या, लाल छप्पर, बाजूंना बांधलेली रिकामी पिंपं, पुढे नोल्बेर्तोची होडी आणि मागे-पुढे अर्ध्या बेटाच्या होड्या. नवी जागा इथून विरुद्ध बाजूला आहे. या वाटेने यायचं काही कारणच नव्हतं. सरळ खाडी ओलांडायची सोडून भरतीच्या जोरावर ते एवढा वळसा घालून इस्पितळाच्या खिडकीसमोरून घर नेत होते, मला दिसावं म्हणून. आणि धुराड्यातून धूर! ओतिलियाने चूल विझवायला नकार दिला होता. चूल विझली की घर मेलं म्हणे. भर समुद्रात, दार काढलेल्या चौकटीत ती उभी, एका हाताने चौकट धरून, दुसऱ्या काखेत कोंबडी. साठ वर्षं मी समुद्राला घरात येऊ दिलं नाही, म्हणून शेवटी माझं घरच त्याच्यात उतरलं होतं, आणि तो मुकाट्याने त्याला पाठीवर घेऊन चालला होता.

मग मला राहवेना. मी पिशवीच्या खांबाला धरून उभा राहिलो. दोक्तोरा ओरडली, "काका, खाली बसा!" मी छाती भरून घेतली आणि हाळी दिली. "ओढा रेऽऽ! ओढाऽऽ!" पेरेग्रिनो ओरडला. पलीकडचे दोघे ओरडले. प्लास्टरवाली म्हातारी, तीच ती, तपासणीला आली होती, ती दारातून कुबडी आपटत ओरडली. तिसऱ्या "ओढा"ला मी सगळा जीव लावला, आणि तेव्हा…

हे तुला नर्स म्हणून सांगतो, पुतणी म्हणून नव्हे. दुर्बीण घालताना पोटात हवा भरतात, हे मला नंतर समजलं. ती हवा त्या क्षणी निघाली. समोरच्या वाटेने नव्हे. सबंध वॉर्डने ऐकली. पेरेग्रिनो टोपी काढून म्हणाला, "दॉन एलादिओ, आजवरचं सगळ्यात प्रामाणिक भाषण."

दुखणं गेलं! जागच्या जागी, नावालाही उरलं नाही! दोक्तोरा भिंतीला टेकून इतकी हसली की तिचा श्वास पहिल्यांदा खरोखर संपला. थोड्या वेळाने रक्ताची तपासणी आली. स्वादुपिंड शांत. रात्रीही शांत. आज सकाळी तिने पुन्हा पोट दाबलं, पुन्हा रक्त बघितलं. शांत. उद्या घरी. ते घर आता कुठे आहे ते मला शोधावं लागेल, पण धूर दिसेलच.

एक राहिलं. पिशवी बदलणारी नर्स रोसियो उत्तरेकडची आहे, तिला आपल्या चालीरीती माहीत नाहीत. प्रत्येक पिशवी लावून ती क्षणभर थांबायची, आभाराचा एक शब्द येईल म्हणून. मी ओठ घट्ट मिटून. ती पेरेग्रिनोला म्हणाली, "एवढं बोलतात, पण साधी रीत नाही." आता तिला कसं सांगू की आमच्याकडे ग्रासियास म्हटलं की पुरे, आणि मला थेंबही कमी नको होता! माझा वाटा तर हवाच होता, आणि एर्नानच्या वाटेचं जे राहिलं होतं तेही. शेवटी तिने सुई काढली, कापूस दाबून धरला. ओला कापूस होता. तेव्हा मी म्हटलं, "ग्रासियास, बाई." ती दचकलीच.

तुला मात्र, पोरी, मी अजून म्हणत नाही.

तुझा,
एलादिओकाका